मुंबई ते पणजी शिडाच्या बोटीने: अनोळखी किनाऱ्यावरचे मुक्काम कसे ठरवावेत?

शीडवाला_पुणे (प्रश्न)

नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही चौघे मित्र मुंबईहून पणजीपर्यंत शिडाच्या बोटीने जाण्याच्या तयारीत आहोत आणि आखणी करताना पडलेले काही प्रश्न येथे मांडत आहे. बोट तीस फुटी, फायबरची, एका डोलकाठीची आहे. तिची कील (तळाचा कणा) पाण्याखाली दीड मीटर जाते. लहान डिझेल इंजिन आहे, त्यामुळे वारा पडला तरी शीड आणि इंजिन मिळून सरासरी साडेचार ते पाच नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) वेग धरता येईल असा आमचा अंदाज आहे. मुंबई बंदराच्या आत, मांडव्यापर्यंत आणि क्वचित खांदेरीपर्यंत आम्ही नेहमी बोट नेतो. खांदेरीच्या दक्षिणेस मात्र आमच्यापैकी कोणीही स्वतः सुकाणू धरून गेलेले नाही.

एकूण अंतर सुमारे 220 सागरी मैल भरते. ते चार दिवसांत विभागून श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण आणि पणजी असे मुक्काम आम्ही ठरवले आहेत. पोहोचायला उशीर झाला तर उजेड असावा म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे निघावे असाही विचार आहे.

हे मुक्काम योग्य आहेत का, की किनाऱ्यापासून दूर राहून दोन दिवस व दोन रात्री न थांबता थेट जाणे अधिक सुरक्षित ठरेल? अनोळखी खाडीत शिरताना भरती-ओहोटीचा हिशेब कसा मांडावा? जाळ्यांचा त्रास किती होतो? कागदपत्रे कोणती लागतात? आणि परतीच्या प्रवासात वारा समोरून असेल, त्याचे काय करावे? अनुभवी सदस्यांनी आमच्या आखणीतील उणिवा स्पष्टपणे दाखवाव्यात, ही विनंती.

निवृत्त_नाविक

आपण बोटीची व स्वतःच्या अनुभवाची माहिती नेमकी दिली आहे, त्यामुळे थेट मुद्द्याला हात घालता येतो. आपण एकूण अंतराला चाराने भागून मुक्काम काढले आहेत. किनाऱ्याने जाताना हा क्रम उलटा असावा लागतो. आधी आसऱ्याच्या जागा निवडायच्या. त्या प्रत्येक जागेत कोणत्या वाऱ्यात, किती पाण्यात आणि किती वाजेपर्यंत शिरता येते हे पाहायचे. आणि तेथून मागे मोजत निघण्याची वेळ काढायची. रोजचे मैल त्यातून आपोआप ठरतात. अनोळखी मुखात दिवसाउजेडीच शिरावे, सूर्यास्ताला किमान दोन तास शिल्लक असावेत आणि पाणी चढते असावे, या तीन अटी मी कधीही सोडणार नाही. जानेवारीत या पट्ट्यात सूर्य साडेसहाच्या आत मावळतो, म्हणजे साडेचारपर्यंत आपण मुखाशी असायला हवे.

श्रीवर्धनचा उपसागर पश्चिमेला उघडा आहे. जानेवारीत दुपारनंतर वायव्येचा खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा वारा जोर धरतो आणि त्याची लाट थेट आत येते. तेथे नांगर धरला तरी रात्रभर बोट हेलकावत राहील आणि चौघांपैकी कोणालाही झोप मिळणार नाही. त्यापेक्षा पहिला मुक्काम राजपुरीच्या खाडीत करावा. मुंबईपासून हे अंतर साधारण 40 मैल आहे. जंजिऱ्याजवळून जाताना दिघी बंदराची जहाजे ज्या मार्गाने जातात, तोच मार्ग आपणही धरावा. त्यापूर्वी त्या दिवशी दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे लागेल. खांदेरी व उंदेरी ही बेटांची जोडी पूर्णपणे डावीकडे ठेवून बाहेरून जावे, आणि त्यानंतर चौल काडूचा खडक येतो, त्याच्याही बाहेरूनच जावे. तेथे आतून जाऊन वाचणारे अंतर फारच थोडे आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघून थेट जयगड गाठावे असे मी सुचवीन. अंतर साठ मैलांच्या आसपास आहे. शास्त्री नदीच्या मुखाशी मोठ्या जहाजांचे बंदर असल्यामुळे मार्गावर बोये (तरंगत्या खुणा) व दिवे आहेत, पाणी खोल आहे आणि जयगडाच्या टेकडीआड चांगला आसरा मिळतो. बोयांच्या बाबतीत आपल्याकडे बंदरात शिरताना लाल डावीकडे व हिरवा उजवीकडे अशी पद्धत आहे. परदेशी व्हिडिओ पाहून शिकलेल्यांचा येथे गोंधळ होऊ शकतो, कारण अमेरिकेत हे नेमके उलटे असते.

जयगडनंतर रत्नागिरी. रत्नदुर्गाचे भूशिर समुद्रात शिरलेले असल्यामुळे उत्तरेस मिऱ्याचा उपसागर आणि दक्षिणेस भगवती बंदराची बाजू, असे दोन भाग पडतात. वायव्येच्या वाऱ्यात दक्षिणेची बाजू निवांत असते. मिरकरवाड्याच्या मच्छीमारी बंदरात आपल्या बोटीला जागा मिळेल असे गृहीत धरू नये. त्यापुढे विजयदुर्ग किंवा देवगड. विजयदुर्गाच्या मुखाशी वाळूचा अडथळा नाही आणि हे बंदर कोणत्याही हवेत शिरता येण्याजोगे आहे, अशी त्याची ख्याती इंग्रजांच्या काळापासून आहे. तेथे एकच सूचना करावीशी वाटते. किल्ल्याच्या पश्चिमेस पाण्याखाली बांधकाम असल्याचे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे, तेव्हा तटाचे छायाचित्र घेण्यासाठी त्या बाजूला जवळ जाऊ नये.

एकेकाळी मुंबई–गोवा आगबोटी याच किनाऱ्यावर थांबत जात असत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही नावे जुन्या पिढीला तोंडपाठ होती. यांपैकी कित्येक ठिकाणी आगबोट बाहेरच उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर जायचे. त्या यादीतले प्रत्येक नाव रात्रभर नांगरून राहण्याजोगे बंदर होतेच असे नाही, हे आखणी करताना लक्षात ठेवावे.

न थांबता जाण्याबद्दल सांगायचे तर तो पर्याय चुकीचा नाही. खोल पाण्यात खडक नसतात आणि वीस मैल बाहेर राहिले तर किनाऱ्याजवळची बरीचशी जाळी टळतात. परंतु तेथे व्यापारी जहाजांची व मोठ्या ट्रॉलरची ये-जा असते, जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्याचा लाभ तेवढ्या अंतरावर फारसा मिळत नाही, आणि ज्या चमूने एकत्र रात्र समुद्रावर काढलेली नाही त्या चमूची दुसऱ्या रात्री निर्णयशक्ती मंदावते. पहिल्या खेपेला टप्प्याटप्प्याने जावे, असे माझे मत आहे.

नकाशांविषयी थोडे. मोबाइलमधील नकाशा सोयीचा असतो, पण देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे कागदी नकाशे आणि पश्चिम किनाऱ्याचे मार्गदर्शक पुस्तक सोबत हवेच. लहान खाड्यांच्या मुखांचे सर्वेक्षण कधी झाले ते नकाशावर दिलेले असते, ते आवर्जून वाचावे. वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. छापलेला आकडा हा सर्वेक्षणाच्या दिवसाचा असतो.

देवगडकर

निवृत्त_नाविक यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. मी मालवणबद्दल आणि जाळ्यांबद्दल लिहितो, कारण आमच्या घरचा धंदाच मासेमारीचा आहे.

मालवणचा मुक्काम कृपया रद्द करावा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती आणि बंदराच्या तोंडाशी इतके खडक आहेत, आणि त्यांतले कित्येक भरतीला पाण्याखाली जातात, की तेथे शिरायचे तर वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बोटीवर हवा. किल्ला बांधण्यासाठी ही जागा निवडली गेली त्यामागे हे खडकही एक कारण होते. परक्या जहाजाला सहजासहजी जवळ येता येऊ नये अशीच ती जागा आहे. आमच्याकडचे तांडेलसुद्धा (मच्छीमार बोटींचे प्रमुख) मालवणात शिरताना खुणा जुळवून घेतात, आणि त्या खुणा किनाऱ्यावरची झाडे, देवळे व डोंगर यांच्यावर असतात, मोबाइलवर नसतात.

त्याऐवजी देवगडला थांबावे. तोंड अरुंद आहे, पण आत गेल्यावर जमिनीने सर्व बाजूंनी वेढलेले शांत पाणी मिळते. 2017 च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या कितीतरी मच्छीमार बोटी याच बंदराच्या आसऱ्याला आल्या होत्या. इतक्या दूरच्या तांडेलांनी वादळात देवगड गाठले, यावरून या बंदराची योग्यता समजावी.

देवगडहून पणजीच्या मुखावरचे आग्वाद साठ मैलांच्या थोडे आत आहे. हा टप्पा दिवसाउजेडी सकाळी निघून संपत नाही, म्हणून देवगडहून पहाटे तीनच्या सुमारास बाहेर पडावे. आपण उजेडात आत शिरलेलो असतो, बाहेर पडण्याची वाट डोळ्यांखालून गेलेली असते, तेव्हा अंधारात निघायला हरकत नाही. अंधारात पोहोचणे मात्र टाळावे. असे निघाल्यास नऊ-साडेनऊच्या सुमारास वेंगुर्ला रॉक्सचा दीपस्तंभ दिसू लागेल. निवतीच्या समोर खोल समुद्रात हा खडकांचा पुंजका आहे. त्याच्या आतून जाणाऱ्या होड्या दिसतील, परंतु त्यांच्या मागे जाऊ नये. सर्व खडक डावीकडे ठेवून, चांगले अंतर राखून बाहेरूनच जावे.

आता जाळी. मुंबईपासून रायगड जिल्हा संपेपर्यंत डोल जाळ्यांचे प्रमाण जास्त आहे. ही जाळी समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधून ठेवलेली असतात आणि प्रवाहाच्या जोरावर फुगतात. वर दिसतो तो फक्त बोयांचा समूह: कधी प्लास्टिकचे पिंप, कधी थर्माकोलचे तुकडे, कधी काठीला बांधलेला काळा किंवा लाल बावटा. भरतीचा जोर असेल तेव्हा बोये पाण्याखाली ओढले जातात आणि मग काहीच दिसत नाही. दक्षिणेकडे वाहती जाळी जास्त असतात. ती किलोमीटरच्या वर लांब असू शकतात, एका टोकाला बोट असते आणि दुसऱ्या टोकाला दिव्याची किंवा बावट्याची काठी. बोट दिसली की तिच्या जवळून जावे, कारण जाळे तिच्यापासून दूर पसरलेले असते, आणि कोणत्या बाजूला पसरले आहे हे तांडेल हात करून सांगतो. त्याचा हात पाहा. तो आपल्यावर रागावलेला नसतो. त्याला त्याचे जाळे वाचवायचे असते.

जाळे अडकलेच तर इंजिन तत्काळ न्यूट्रल करावे आणि बंद करावे. उलटा गिअर टाकून सुटण्याचा प्रयत्न केला तर नायलॉनचा दोर शाफ्टवर घट्ट गुंडाळला जातो आणि उष्णतेने वितळून त्याचा दगडासारखा गोळा होतो. तो मग करवतीनेच कापावा लागतो. म्हणून दातेरी सुरी, पाण्याखालचा चष्मा आणि कमरेला बांधायचा दोर हाताशी ठेवावा. पाण्यात उतरण्यापूर्वी शिडे खाली घ्यावीत. शक्यतो ज्यांचे जाळे आहे त्यांनाच हाक मारावी. ते कमीत कमी कापून सोडवतात, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई विचारणे हे आपले कर्तव्य आहे.

भरतीचे_गणित

मी अलिबाग तालुक्यातला आहे. दोन गोष्टींवर वेगळे मत मांडतो.

पहिली गोष्ट पौर्णिमेची. चंद्रप्रकाशासाठी पौर्णिमा निवडणे स्वाभाविक आहे, पण भरतीच्या दृष्टीने ती आपल्या बेताला प्रतिकूल आहे. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब प्रत्येक कोळीवाड्यात चालतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आपण चार वाजता खाडीच्या मुखाशी पोहोचणार तेव्हा उधाणाचे पाणी जोरात बाहेर पडत असेल, समोरून वायव्येची लाट येत असेल, आणि वाहते पाणी व लाट एकमेकांवर आदळून नेमके मुखाशी समुद्र उभा राहिलेला असेल. शिवाय टेकलात तर पाणी उतरतच जाणार आहे.

त्याऐवजी षष्ठीला निघावे. षष्ठीची भरती साडेचारला, सप्तमीची सव्वापाचला, अष्टमीची सहाला, नवमीची पावणेसातला आणि दशमीची साडेसातला. म्हणजे पाचही दिवस दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान पाणी चढते राहते. पहाटेची भरतीही याच वेळांच्या आसपास असल्यामुळे षष्ठीला सहा वाजता मुंबईहून निघताना ओहोटी आपल्याला बंदराबाहेर काढते. हे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस असल्याने प्रवाहांचा जोरही कमी असतो. पक्ष कृष्ण घ्यावा, कारण कृष्ण दशमीला चंद्र रात्री दोनच्या सुमारास उगवतो आणि देवगडकरांनी सांगितलेले तीनचे प्रस्थान चांदण्यात होते. अर्थात पाऊणपटीचा हिशेब हा दिवस निवडण्यासाठी आहे. प्रत्यक्ष शिरण्याची वेळ त्या त्या बंदराच्या छापील कोष्टकावरूनच ठरवावी, कारण दक्षिणेकडे जावे तशी भरती मुंबईच्या आधी येते आणि तिची उंचीही कमी होत जाते. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढते, गोव्यात ते साधारण निम्म्यावर येते. मुंबईच्या सवयीने ‘भरती आली की भरपूर पाणी’ असे मनात धरून गोव्याकडच्या खाडीत शिरू नये.

पाण्याचा हिशेब अगदी साधा असला तरी कागदावर लिहूनच करावा. समजा मुखाशी नकाशावर 1.8 मीटर खोली दाखवली आहे आणि आपण पोहोचण्याच्या वेळी कोष्टकाप्रमाणे पाण्याची उंची 1.2 मीटर आहे. दोन्ही मिळून 3 मीटर झाले. त्यातून लाटेच्या खळग्यासाठी अर्धा मीटर आणि वाळू सरकली असण्याच्या शक्यतेसाठी आणखी अर्धा मीटर वजा केला तर 2 मीटर उरतात. आपली कील दीड मीटर आहे. अर्धा मीटरच राहतो, आणि तो शांत दिवशी चालेल, लाट असेल तर चालणार नाही.

दुसरी गोष्ट राजपुरी ते जयगड या टप्प्याची. निवृत्त_नाविक काकांचा अनुभव मोठा आहे, पण पहाटे तीनला राजपुरीतून बाहेर पडणे म्हणजे डोल जाळ्यांच्या पट्ट्यात अंधारात शिरणे होय. कृष्ण सप्तमीला चंद्र असला तरी बुडालेला बोया त्याच्या उजेडात दिसत नाही. माझ्या मते फटफटल्यावर, साडेसहाच्या सुमारास निघावे आणि पंचेचाळीस मैलांवरच्या दाभोळला चारपर्यंत पोहोचावे. सप्तमीची भरती सव्वापाचला आहे, त्यामुळे तेथील वासिष्ठी नदीच्या मुखावरून जायला पाणी पुरेसे मिळेल. तेथे उत्तरेकडे वाळू आहे आणि खोल पाण्याची वाट दक्षिणेला, अंजनवेलच्या बाजूने जाते.

निवृत्त_नाविक

डोल जाळ्यांचा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. त्या पट्ट्यातून अंधारात जाण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो. तिथी निवडण्याची पद्धत तर फारच उपयुक्त आहे. सूर्यास्त, भरती आणि चंद्रोदय या तिन्ही गोष्टी एकाच निर्णयात बसतात.

तरीही दाभोळविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. वाळूच्या मुखावर लाटा फुटत आहेत की नाहीत, हे समुद्राकडून पाहताना लवकर कळत नाही. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला फेसाची पांढरी भिंत दिसते. बाहेरून येणाऱ्याला त्याच लाटांची गुळगुळीत पाठ दिसते, आणि ती निरुपद्रवी वाटते. बोट त्या लाटेच्या उतारावर चढली की मगच पुढचा फेस दिसतो, आणि तोपर्यंत वळायला जागा उरलेली नसते. म्हणून मुखाबाहेर खोल पाण्यात थांबून दुर्बिणीने निदान पंधरा मिनिटे सतत पाहावे. लाटेच्या पाठीवरून तुषार उडताना दिसले, किंवा आत जाणारी मच्छीमार बोट क्षणभर पूर्ण दिसेनाशी झाली, तर शिरू नये.

मग जायचे कोठे, हे मात्र आधीच ठरलेले असावे. हा निर्णय दाभोळच्या दाराशी घ्यायचा नाही. तो वाटेतला सुवर्णदुर्ग किल्ला आडवा आला की दुपारी बाराच्या सुमारास घ्यायचा. त्या वेळी वायव्येचा वारा नेहमीपेक्षा लवकर आणि जोरात सुरू झालेला असेल, पाण्यावर सर्वत्र पांढरे शेंडे दिसत असतील, तर दाभोळ सोडून जयगड धरावे. जयगड दाभोळच्या पुढे आणखी सतरा-अठरा मैल आहे. वारा तसा असेल तर वेगही वाढलेला असेल, तरी पोहोचेपर्यंत अंधारच होईल. या एका ठिकाणी मी माझी उजेडाची अट शिथिल करीन, कारण तेथे दिवे लागलेला, जहाजांसाठी राखलेला मार्ग आहे. प्रत्येक टप्प्यासाठी असे एक ठिकाण व एक वेळ निघण्यापूर्वी लिहून ठेवावी: येथे पोहोचल्यावर काय दिसले तर पुढे जायचे आणि काय दिसले तर दुसरे बंदर धरायचे. थकलेल्या माणसाला दुपारी तीनला हा विचार नव्याने करावा लागू नये.

हवामानाबाबत: जानेवारीत चक्रीवादळाची भीती जवळजवळ नसते. ऑक्टोबर, नोव्हेंबर व मे महिन्यांची गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर 2009 मधील फयान आणि मे 2021 मधील तौक्ते या किनाऱ्याला चांगलेच आठवतात. जानेवारीत धोका असतो तो उत्तरेकडून अचानक वाढणाऱ्या वाऱ्याचा. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ सरकून गेला की त्याच्या मागोमाग मुंबईच्या समुद्रावर उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस जोर धरतो. याच महिन्यांत किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहत असतो, त्यामुळे वारा व प्रवाह समोरासमोर येऊन लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा पाठीमागून आहे म्हणून शीड कमी करायला उशीर होतो. पाठच्या वाऱ्यात त्याचा खरा जोर जाणवत नाही. भारतीय हवामान विभागाचे किनारी अंदाजपत्र आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी व पहाटे पाहावा, आणि दोन दिवस राखीव ठेवावेत. पणजीहून सोमवारी सकाळी कामावर परतायचेच आहे असे ठरवून निघालेला माणूस हवेचा अंदाज प्रामाणिकपणे वाचू शकत नाही.

सागरी_रेडिओ

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. 2008 च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी मच्छीमार नौका पळवून समुद्रमार्गे आले होते, तेव्हापासून किनाऱ्यावरची तपासणी कडक आहे आणि ती असायलाच हवी. बोटीची नोंदणी, विमा, व्हीएचएफ (सागरी रेडिओ) संचाचा परवाना, सर्वांची छायाचित्र असलेली ओळखपत्रे आणि बोटीवरील माणसांची सही केलेली यादी, यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. निघण्यापूर्वी मुंबईच्या बंदर अधिकाऱ्यांना, महाराष्ट्र सागरी मंडळाच्या संबंधित बंदर कार्यालयांना, तटरक्षक दलाला आणि सागरी पोलिसांना मुक्कामांची यादी लेखी कळवावी. गोव्यात पोहोचण्याची सूचना कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयाला द्यावी. बेत बदलला तर तेही कळवावे, नाहीतर आपण दाभोळला शांत झोपलेले असताना जयगडला आपला शोध सुरू होईल.

व्हीएचएफवर चॅनेल 16 सतत ऐकत राहावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 आहे. मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून काही मैलांवर तुटक होते, म्हणून 406 मेगाहर्ट्झचा नोंदणी केलेला संकटसूचक बीकन घ्यावा. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बोटीवर ठेवू नये. तो आपल्याकडे गुन्हा ठरतो.

मुंबई बंदरातून बाहेर पडताना जहाजांचा मार्ग शक्य तितक्या काटकोनात आणि इंजिन सुरू ठेवून ओलांडावा. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यावी हा नियम अरुंद मार्गात मोठ्या जहाजाविरुद्ध वापरता येत नाही. तेथे लहान बोटीनेच जहाजाला अडथळा होऊ न देण्याचे बंधन आहे. किनाऱ्यावरील मच्छीमार बोटींपैकी कित्येकांवर एआयएस (बोटीचे स्थान रेडिओने इतरांना कळवणारी यंत्रणा) नसते, त्यामुळे पडद्यावर काही दिसत नाही याचा अर्थ समोर काही नाही असा घेऊ नये.

शीडवाला_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार बेत पुन्हा मांडला आहे. कृष्ण षष्ठीला पहाटे सहाला मुंबई सोडून राजपुरी. सप्तमीला उजाडल्यावर निघून दाभोळ, सुवर्णदुर्गासमोर दुपारी बाराला निर्णय आणि पर्याय जयगड. अष्टमीला रत्नागिरी, भगवती बंदराच्या बाजूला. नवमीला देवगड, आणि दुपारी एकपर्यंत विजयदुर्ग ओलांडलेला नसेल तर तेथेच थांबायचे. दशमीला पहाटे तीनला निघून वेंगुर्ला रॉक्सच्या बाहेरून आग्वाद. प्रत्येक बंदराची खोली, भरतीची वेळ आणि परत फिरण्याची अट अशी एकेका पानावर लिहिली आहे. दोन दिवस राखीव ठेवले आहेत. मालवण रस्त्याने पाहून घेऊ.

परतीविषयी मात्र अजून स्पष्टता नाही. हाच क्रम उलटा लावून चालेल का?

देवगडकर

उलटा लावून चालणार नाही. जाताना जो खारा वारा पाठीशी असतो तोच येताना दुपारी नाकासमोर येतो, आणि तीस फुटी बोट त्या लाटांत नागमोडी जाऊ लागली की घड्याळ पुढे सरकते, किनारा मात्र तेथेच राहतो. उत्तरेकडे येताना दिवसाचा वेळच वेगळा धरावा लागतो. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो उजवीकडून येतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. त्या वाऱ्यावर, किनाऱ्यापासून तीन-चार मैलांवर राहून, पंचवीस-तीस मैलांचा टप्पा मारायचा, वारा पडला की इंजिन लावायचे आणि दुपारी खारा वारा जोर धरण्याआधी नांगर टाकायचा. जानेवारीतला उत्तरवाहिनी प्रवाह थोडी मदत करतो. मात्र अशा हिशेबाने आपण सकाळी दहा-अकराला बंदरात शिरणार, तेव्हा भरतीची तिथी पुन्हा वेगळी निवडावी लागेल. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस त्याला जुळतात, फक्त पाणी उधाणाचे असेल हे ध्यानात ठेवावे. जाण्याच्या दुप्पट दिवस धरावेत. तेवढी रजा नसेल तर बोट गोव्यात सुरक्षित जागी ठेवून काही दिवसांनी पुन्हा येणे उत्तम.

आणि दाभोळच्या उत्तरेस जाळ्यांमुळे हा रात्रीचा हिशेब लागू होत नाही. तेथे पहाटेचा उजेड फुटल्यावरच निघावे, मतलई वाऱ्याचे उरलेले तीन-चार तास वापरावेत आणि पुढचे अंतर इंजिनावर कापावे लागेल असे धरून डिझेल घ्यावे. देवगडला याल तेव्हा बंदरातल्या कोणत्याही तांडेलाला त्या आठवड्यात जाळी कोणत्या पाण्यात लागली आहेत ते विचारावे. ही माहिती रोज बदलते आणि ती त्यांच्याकडेच मिळते.